उस्तादांचा अर्धा पेला

गौलीगुड्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक तालीम आहे. आहे म्हणायचं आपलं! हौदातली लाल माती कधीच वाळून दगड झाली, आणि तिच्यावर शेजारचा प्लास्टिकच्या बादल्या विकणारा आपला माल रचून ठेवतो. कुस्ती गेली, पैलवान पांगले, पण आतल्या खोलीत नामदेवराव उस्ताद उरले. वय चौसष्ट, मान रेड्यासारखी, दोन्ही कान मोडलेले, आणि हात असे की पाठीवर पडले की माणूस आधी आईला हाक मारायचा नि मग घोरायला लागायचा. मालिश हाच त्यांचा धंदा. आजोबा नांदेडकडची जमीन भावांवर सोडून निजामाच्या काळात शहरात आले, ते इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत दखनी, भाजीवालीशी तेलुगू, आणि शिव्या तिन्ही भाषांत.

तोंड म्हणजे तोफखाना. रिक्षावाल्याशी भांडतील, नगरसेवकाशी भांडतील, टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्या बाईशीसुद्धा भांडतील. चतुराबाई, त्यांची बायको, म्हणायची, "ह्यांच्या पोटात पाणी टिकेल, पण गोष्ट टिकायची नाही." खरंच होतं ते. या माणसाला जन्मात कधी गप्प बसता आलं नाही. बसले ते एकदाच. त्यातल्या पहिल्या तीन दिवसांनी एका पोराचा जन्म मातीत घातला.

तो पोरगा म्हणजे गौतम. देशाचा सायकल चॅम्पियन गौतम, ज्याचा फोटो दोन वर्षांपूर्वी बसच्या पाठीवर झळकत होता, तोच. अकरा वर्षांचा असताना तो उस्तादांच्या नजरेला पडला. बाप विद्यानगरला एका कँटीनमध्ये आचारी, आणि पोरगं सकाळी सायकलवरून दूध घालायचं. दोन भरले कॅन हँडलला लटकवून ते चढ चढत होतं, आणि सीटवरून उठतसुद्धा नव्हतं. उस्तादांनी रस्त्यातच त्याला अडवलं.

"काय बे पोट्ट्या, ह्या पोटऱ्या कुणाच्या चोरून आणल्यास? कुस्ती खेळतोस?"

"नक्को उस्ताद. डर लगता."

"मग सायकल खेळ. पण मालिशला माझ्याकडे यायचं."

तेव्हापासून तो येत राहिला. शाळेच्या शर्यती, जिल्ह्याच्या, राज्याच्या, मग तीनदा राष्ट्रीय विजेतेपद, आणि शेवटी परदेशातल्या एका व्यावसायिक संघात करार. तिकडे बेल्जियमच्या गारठ्यात तो पुढं राहून संघातल्या दुसऱ्यांसाठी वारा कापायचा आणि हिवाळ्याचे तीन महिने घरी यायचा. घरी म्हणजे आधी तालमीत. पायातले बूट दाराशी काढायचे, उस्तादांच्या पायाला हात लावायचा, मग सतरंजीवर पालथं पडायचं. जातानाही पाया पडल्याशिवाय बूट चढवायचे नाहीत. अठरा वर्षांत यात खंड नाही.

आणि पेला. पेल्याचं सांगितल्याशिवाय पुढं काहीच कळायचं नाही.

या तालमीची जुनी रीत अशी की शागिर्दाची थंडाई आधी उस्ताद पितो. अर्धा पेला तो पितो, उरलेला शागिर्दाला देतो. नामदेवरावांच्या उस्तादांनी त्यांना कारण सांगितलं होतं. पूर्वी कुस्तीच्या मोठ्या दंगलीच्या आधी विरोधी गटाची माणसं पैलवानाच्या दुधात काहीबाही कालवायची. म्हणून उस्तादानं सगळ्यांदेखत अर्धा पेला पिऊन दाखवायचा, की बघा रे, मी प्यालो, यात विष नाही. आता विष घालणारे गेले आणि पैलवानही गेले, पण रीत राहिली. उस्तादाचं उष्टं म्हणजे प्रसाद. गौतमनं अकराव्या वर्षी तो पहिला अर्धा पेला प्याला, तेव्हा चतुराबाईनं दारातून डोळे पुसले होते. तिला मूलबाळ नव्हतं.

बरं, उस्ताद निष्काळजी होते म्हणावं तर तेही नाही. गौतम व्यावसायिक झाला तेव्हा त्यानं त्यांना बसवून समजावलं होतं, की उस्ताद, आमची तपासणी कधीही होते, पहाटे सहाला घरी येऊन लघवी घेऊन जातात, खसखससुद्धा चालत नाही. झालं! उस्तादांनी त्याच दिवशी खसखशीचा डबा उचलून नेऊन मोरीत रिकामा केला. बंदी असलेल्या औषधांची यादी मागून घेतली आणि भिंतीवर चिकटवली. त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण चिकटवली. बदाम स्वतः निवडायचे, बडीशेप स्वतः, मिरं स्वतः. दगडी कुंडीत कडुलिंबाच्या सोट्यानं सगळं स्वतः घोटायचे, चतुराबाईलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. कुंडीवर या माणसाचा असा पहारा की मुंगी जाणार नाही.

पण त्यांचे गुडघे गेले. मालिशवाल्याचे गुडघे जाणं म्हणजे गवयाचा गळा जाण्यासारखं. सतरंजीवर बसता येईना, बसलं तर उठता येईना. मग आठवडी बाजारात बसणाऱ्या एका वैद्यानं पुड्या दिल्या. राखाडी रंग, कडू जहर, रोज सकाळी दुधातून एक घ्यायची. आणि काय चमत्कार! आठ दिवसांत उस्ताद उकिडवे बसायला लागले. गल्लीभर सांगत सुटले, "दवाखान्याला आग लावा, वैद्य पाहावा तर असा!" सहा महिने पुडी चालू होती. कडवटपणा झाकावा म्हणून ते ती थंडाईच्या पेल्यात टाकायचे, बोटानं ढवळायचे, आपला अर्धा प्यायचे.

आणि उरलेला अर्धा गौतमला द्यायचे.

आता तुम्ही म्हणाल, माणसाला इतकंही कळू नये? नाही कळलं हो. कुंडीतलं ते गौतमचं, पुडी ती माझ्या गुडघ्याची, असा त्यांच्या डोक्यातला हिशोब. औषध माझ्यासाठी घेतलं तर ते माझ्याच पोटात जाणार. उरतो तो प्रसाद, आणि प्रसादात औषध असतं का? हात देवाचे असले म्हणून डोकं देवाचं असतं असं नाही.

जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धा आपल्याच शहरात झाली, बाहेरच्या रिंग रोडवर. पहाटे उस्ताद थर्मास घेऊन हजर. पेला भरला, अर्धा प्याले, अर्धा दिला. गौतम एका चाकाच्या अंतरानं जिंकला, चौथ्यांदा. उस्तादांनी रस्त्यातच दंड थोपटले, पोलिसानं हाकललं तरी हलले नाहीत. शर्यतीनंतर नेहमीप्रमाणे गौतमला तपासणीला नेलं. कागदावर त्यानं काय काय घेतलं ते लिहून दिलं: जीवनसत्त्वाची गोळी, संघानं दिलेल्या प्रोटीनच्या डब्यातली पावडर, बस. उस्तादांच्या पेल्याचं त्याच्या मनातही आलं नाही. आईच्या हातचा घास कुणी लिहून देतो का?

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. लघवीत प्रेडनिसोलोन नावाचं बंदी असलेलं औषध सापडलं.

पुढं जे झालं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. परदेशी संघानं त्याच दिवशी निलंबित केलं. बसच्या पाठीवरचा फोटो उतरला. ज्या पानवाल्यानं गौतमचा हार घातलेला फोटो टपरीवर लावला होता, त्यानं तो काढला आणि उलट विचारलं, "क्या उस्ताद, खुराक में क्या डालते थे?" उस्तादांनी त्याची गचांडी धरली. चार माणसांनी सोडवलं. एका चॅनेलवाल्यानं त्यांच्या तोंडापुढं माईक धरला, तर ते छाती ठोकून म्हणाले, "माझ्या हातचं सोडून पोरानं काही खाल्लेलं नाही. त्याच्या पोटात पाप गेलं असेल तर मला भर चौकात फाशी द्या!"

त्या औषधाचं नाव त्यांनी गौतमकडून चार वेळा म्हणवून घेऊन पाठ केलं होतं. शिव्या द्यायला नाव नीट यायला हवं म्हणून.

सोळा तारखेला चतुराबाईनं त्यांना ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. महिनाभर त्यांचं तोंड सुजत चाललं होतं, हातावर जरा लागलं की काळंनिळं पडायचं. तरुण डॉक्टर होता. त्यानं साखर बघितली, हात बघितले, आणि हसला.

"पेद्दायना, आजोबा, पुडी कुणाची खाताय?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गुडघे एकदम पळायला लागले असतील. महिन्याला दहा येतात तुमच्यासारखे. भुकटीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घालतात हे लोक. बहुतेक प्रेडनिसोलोन, ती स्वस्त पडते. एकदम बंद करू नका, मी लिहून देतो तसं कमी करत आणा."

आणि त्यानं चिठ्ठीवर लिहिलं: वैद्याची पुडी, सहा महिने, रोज. वर तारीख घातली.

उस्ताद बाकावरून उठलेच नाहीत. पुढच्या पेशंटनं दोनदा खांदा हलवला. चतुराबाईला वाटलं चक्कर आली. रिक्षात बसल्यावर त्यांनी तिला सांगितलं, पेल्याचं सगळं.

"मग रिक्षा फिरवा की," ती म्हणाली. "वकील हिमायतनगरलाच आहे ना त्याची?"

"उद्या जातो."

"उद्या कशाला? पोराच्या गळ्याला फास लागलाय. तुम्ही काय मुहूर्त बघताय?"

"चतुरे, माझ्या उस्तादांचा फोटो आहे त्या भिंतीवर. तीन पिढ्या कुणी या तालमीवर बोट दाखवलं नाही. उद्या लोक म्हणतील, नामदेवनं शागिर्दाला विष पाजलं."

"तालीम?" चतुराबाई रिक्षात ओरडली. "बादल्यांचं गोदाम ते!"

त्यांनी रिक्षा घराकडेच घ्यायला सांगितली. पण खरं कारण तालीम नव्हतंच. खरं कारण गौतमचा चेहरा होता. हा चेहरा अठरा वर्षं त्यांच्याकडे बघताना जसा व्हायचा, तसा पुन्हा कधी होणार नाही, एवढीच त्यांना भीती होती. साठी उलटलेला पैलवान, सगळ्या गल्लीला दम देणारा, आणि एका पोराच्या नजरेला भ्याला.

सतरा तारखेला ते गेले खरे. हिमायतनगरला तिसऱ्या मजल्यावर वकीलबाईंचं ऑफिस. पल्लवी म्हणून पुण्याकडची बाई, खेळाडूंचेच खटले चालवायची. गुडघे पुडीनं चालू होते, जिना सरसर चढले. कुणीतरी बसायला सांगितलं, पाणी दिलं. समोर टेबलावर वर्तमानपत्र होतं, त्यात गौतमचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत बातमी. उस्तादांनी मनातल्या मनात त्या जागी आपला फोटो ठेवून पाहिला. पाणी संपवलं, ग्लास जागेवर ठेवला आणि जिना उतरले.

अठरा तारखेला गौतम स्वतःच तालमीत आला. निलंबित असला तरी सराव सोडला नव्हता. दाराशी बूट काढले, पाया पडला, सतरंजीवर पालथा झाला. उस्तादांनी तेल घेतलं आणि पोटरीला हात घातला. पेला त्या दिवशी केला नव्हता. बदाम संपलेत म्हणाले.

"उस्ताद," गौतम उशीत तोंड खुपसून बोलत होता, "उद्या आमचं लेखी उत्तर जातंय. पल्लवी मॅडम म्हणतात, ते औषध अंगात कुठून आलं ते दाखवता आलं तर सुटू शकतो, नाहीतर दोन वर्षं. पण एकदाच सांगायचं आणि नीट सांगायचं. रोज नवी गोष्ट सांगणाऱ्यावर तिथं कुणी विश्वास ठेवत नाही. आम्ही संघाच्या प्रोटीनच्या डब्यावर संशय घेतलाय. दुसरं काही असूच शकत नाही. आहे का उस्ताद? तुम्हाला काही आठवतं?"

उस्तादांचे अंगठे पोटरीच्या मधल्या शिरेवर होते. त्या शिरेची गाठ कुठं आहे ते त्यांना डोळे मिटून माहीत होतं. आता बोलावं. आता. जन्मभर बडबड करणाऱ्या माणसाला दोन शब्द सापडेनात.

"नाही रे बेटा," ते म्हणाले. "काय असणार."

गौतम सुटकेचा श्वास सोडून झोपी गेला. अर्धा तास घोरत होता. उस्ताद त्याच्या पोटऱ्या चोळत राहिले, तेल संपलं तरी चोळत राहिले.

एकोणीस तारखेला उत्तर गेलं.

त्यानंतर दीड महिना डबा प्रयोगशाळेत होता. या काळात उस्तादांनी देवाला एकच मागितलं, की त्या डब्यात काहीतरी सापडू दे. केवढं मोठं पाप! कुणा तिसऱ्याच्या गळ्यात घोंगडं पडावं म्हणून म्हातारा मारुतीला तेल घालत होता. पण मारुती कशाला ऐकतो? एप्रिलमध्ये अहवाल आला. डबा स्वच्छ होता.

त्या दिवशी गौतमचा फोन चतुराबाईला आला. तो रडत होता. तिनं फोन तसाच नवऱ्याच्या कानाला लावला. उस्तादांनी एक मिनिट ऐकलं. मग उठले, उरलेल्या अकरा पुड्यांचा बिस्किटाचा डबा काढला आणि रिक्षा केली.

पल्लवीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "काका, हे तुम्हाला कधी कळलं?"

"परवाच. डॉक्टरनं सांगितलं."

"काही कागद आहे?"

"हरवला."

खोटं बोलले. चिठ्ठी सदऱ्याच्या आतल्या खिशात होती, घामानं मऊ झालेली. तारीख एवढीच तिची अडचण होती.

गौतमला बोलावून घेतलं. उस्तादांना वाटलं, आता हा मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. गौतमनं पेल्याचं ऐकलं आणि चक्क हसायला लागला. म्हाताऱ्याला त्यानं मिठी मारली.

"उस्ताद! सापडलं हो! अरे देवा, सापडलं! मला वाटत होतं मी वेडा होणार. चूक झाली तुमची, झाली तर झाली. मुद्दाम थोडंच केलंत?"

इतक्या सहज त्यानं माफ केलं. ज्या चेहऱ्याला ते इतके दिवस भ्याले, तो चेहरा असा होता. तेव्हाच सांगायला हवं होतं, की बेटा, मला सोळा तारखेपासून माहीत आहे. पण माफी मिळालेली असताना ती पुन्हा पणाला कोण लावतो? उस्तादांनी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मुलासारखे हुंदके दिले. तारखेचं तोंडातून निघालं नाही.

पुड्या तपासायला गेल्या. त्यांत प्रेडनिसोलोन निघालं. पल्लवीबाईंनी नवं उत्तर दाखल केलं, आणि मे महिन्यात त्यांच्याच ऑफिसात, संगणकासमोर, सुनावणी झाली. पडद्यावर चौकशी समितीची तीन माणसं, टेबलाच्या या बाजूला गौतम, शेजारी इस्त्रीचा सदरा घातलेले उस्ताद. प्रश्न हिंदीत-इंग्रजीत येत होते, पल्लवीबाई सांगत होत्या.

उस्तादांनी उष्ट्या पेल्याची रीत सांगितली. विष नाही हे दाखवायला अर्धा पेला प्यायचा, असं त्यांनी म्हटलं, तेव्हा समितीतला एकजण किंचित हसला. हसणारच. तिथं बसून ऐकलं तर कुणालाही बनवलेली गोष्ट वाटावी अशीच ती होती.

मग अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारलं, "आधी तुम्ही म्हणालात डबा. डबा स्वच्छ निघाला तेव्हा ह्या पुड्या आल्या. त्या स्पर्धेच्या वेळी तुमच्याकडे होत्या कशावरून? अशा पुड्या बाजारात कालही मिळाल्या असतील."

पल्लवीबाई फाइल चाळू लागल्या. स्पर्धेच्या वेळचा एकही कागद तिच्यात नव्हता. उस्तादांनी गौतमकडे पाहिलं. पोराचा जबडा आवळला होता, डोळे पडद्यावर खिळले होते, शर्यतीच्या शेवटच्या चढाला असायचे तसे.

आणि उस्तादांनी खिशात हात घातला.

हे सांगायलाच हवं, कारण त्यांच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं या सगळ्यात एवढंच आहे. त्यांना माहीत होतं की चिठ्ठीवर तारीख आहे. त्यांना माहीत होतं की गौतम शेजारी बसलाय. तरी त्यांनी चिठ्ठी उलगडली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. "हा बघा डॉक्टरचा कागद! सहा महिने लिहिलंय! मी जानेवारीत खात होतो पुडी, हा बघा पुरावा! माझा काय करायचा तो न्याय करा, पोराला सोडा!"

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "यावर सोळा फेब्रुवारी आहे."

"हो."

"खेळाडूचं पहिलं उत्तर एकोणीस तारखेचं आहे. मधल्या दिवसांत तुम्ही त्याला भेटलात?"

आता खोटं बोलायची ताकद राहिली नव्हती. "अठराला आला होता. मालिशला."

"आणि तुम्ही त्याला काहीच सांगितलं नाही?"

"नाही."

"तुम्ही अठरा वर्षं त्याचे गुरू. तुम्हाला कारण कळलं, तो समोर होता, दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर जायचं होतं, आणि तुम्ही बोलला नाहीत. हे आम्ही खरं मानावं?"

"खरं आहे बाई," उस्ताद म्हणाले. "आईशप्पथ खरं आहे."

पल्लवीबाईंनी डोळे मिटून घेतले. गौतमनं मान वळवली नाही. त्याचे हात टेबलावर होते, ते त्यानं हळूच मांडीवर घेतले.

निकाल पंधरा दिवसांनी आला. दोन वर्षं बंदी, पदक परत, स्पर्धेचा निकाल रद्द. कारणांत लिहिलं होतं की चिठ्ठीवरून पाहता गुरूला सर्व माहीत असताना शागिर्दाला माहीत नव्हतं हे पटण्यासारखं नाही; खेळाडूनं समितीपासून सत्य लपवलं आणि पहिला बचाव फसल्यावर दुसरा पुढं केला. पल्लवीबाईंनी फोनवर चतुराबाईला एवढंच सांगितलं, की पहिल्या उत्तरातच हे आलं असतं तर समितीनं ऐकलं असतं. परदेशी संघानं करार संपवला. गौतम एकोणतीस वर्षांचा; बंदी संपल्यावर, एकतिसाव्या वर्षी, तोंडाला काळं लागलेल्या माणसाला कोण घेतंय!

उस्तादांनी चौकात उभं राहून पानवाल्याला, रिक्षावाल्यांना, दिसेल त्याला सांगायला सुरुवात केली, की पाप माझं आहे, पोरगं निर्दोष आहे. लोक ऐकून घ्यायचे आणि एकमेकांकडे बघून हसायचे. म्हातारा शागिर्दासाठी अंगावर घेतोय, म्हणायचे. केवढं प्रेम बघा! कौतुक करायचे, कौतुक! शेवटी त्यांनी बाहेर पडायचं सोडलं. तसेही पुडी बंद झाल्यावर गुडघे पुन्हा गेले होते. सतरंजीवर बसता येत नव्हतं, म्हणून बादलीवाल्यानं एक प्लास्टिकची खुर्ची दिली होती, तिच्यावर बसून असायचे.

जूनमध्ये एका सकाळी गौतम आला. सायकल जागच्या जागी चालवून सराव करायचा त्याचा लोखंडी स्टँड तालमीत पडलेला होता, तो न्यायला. चतुराबाईनं दुरून सायकल ओळखली आणि आत येऊन सांगितलं. उस्ताद धडपडत उठले. कुंडीत बदाम घोटले, बडीशेप, मिरं, दूध. दुसरं काही नाही. पेला भरला. अर्धा प्याले. उरलेला खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला.

गौतमनं बूट दाराशी काढले. आत आला. पाया पडायला वाकेल असं वाटलं, पण तो तसाच उभा राहिला, मग भिंतीला टेकून खाली बसला. चांगला वाळला होता. त्याची नजर त्या पेल्याकडे गेली.

"पेल्याचं मला काही नाही, उस्ताद," तो म्हणाला. "ते मी तेव्हाच सोडलं."

"बेटा..."

"एकच विचारायचंय. अठरा तारखेला मी इथं पडलो होतो. तुमचे हात माझ्या पोटरीवर होते. मी विचारलं, उस्ताद, तुम्हाला काही आठवतं? तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

उस्तादांनी भिंतीकडे बघितलं. तिथं त्यांच्या उस्तादांचा फोटो होता, आणि त्याच्या खाली ती न वाचता येणारी यादी.

"माहीत होतं," ते म्हणाले.

गौतमनं मान हलवली. तिथंच झोपलो होतो मी, असं काहीतरी पुटपुटला. मग उठला, कोपऱ्यातला स्टँड उचलून दाराशी नेऊन ठेवला आणि बुटांपाशी खाली बसला.

उस्ताद खुर्चीत पुढं सरकले आणि अठरा वर्षांच्या सवयीनं त्यांनी दोन्ही पाय पुढं केले. गौतम बुटाची नाडी बांधत होता. दुसऱ्या बुटाचीही बांधली, गाठ ओढून पाहिली, आणि स्टँड खांद्यावर टाकून सायकल घेऊन निघून गेला.

पाय तसेच पुढं होते. गुडघ्यांतून मागं घेता येईनात म्हणून चतुराबाईनं ते एकेक करून उचलून खुर्चीखाली ठेवले.